पुराचा कर्ता कोण? गोव्यातील हवामान-चर्चेच्या अभ्यासाची प्रस्तावना

जुलै 2021 च्या चौथ्या आठवड्यात घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस गोव्यात उतरला. सत्तरीत म्हादईने, डिचोलीत वाळवंटीने आणि पेडण्यात शापोऱ्याने काठ सोडले. शेकडो घरांची पडझड झाली. मुख्यमंत्र्यांनी 1982 नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे सांगितले. त्याच दिवसांत चिपळूण पाण्याखाली होते आणि महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळली होती. पाणी ओसरण्याआधीच स्पष्टीकरणे सुरू झाली. कोणी विक्रमी पावसाकडे बोट दाखवले, कोणी धरणातून सोडलेल्या पाण्याकडे, तर कोणी नदीत साचलेल्या गाळाकडे आणि शेतांत टाकलेल्या भरावाकडे. निसर्गाच्या कोपाचेही नाव निघाले. हवामान बदलाचा उल्लेख सर्वांच्या तोंडी होता, पण प्रत्येकाचा त्यामागचा हेतू वेगळा होता.

यातले एकही स्पष्टीकरण पूर्ण खोटे नाही. म्हणूनच कोणते खरे एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. अमुक स्पष्टीकरण कोणी दिले, कोणत्या व्यासपीठावरून दिले, ते पहिल्या पानावर गेले की आतल्या चौकटीत, त्यामुळे कोणाची जबाबदारी ठरली आणि कोणाची टळली, हेही पाहावे लागते. या पुस्तकाचा विषय हा आहे. राजकारणात आणि माध्यमांत हवामान बदलाविषयी जे बोलले जाते, त्याची शिस्तीने केलेली तपासणी त्यात आहे.

अभ्यासक अशा बोलण्याच्या एकत्रित व्यवस्थेला ‘चर्चाविश्व’ म्हणतात. एखाद्या विषयावर काय बोलता येते, कोणाचे बोलणे पुरावा ठरते, कोणाचे नुसती तक्रार ठरते आणि कोणती गोष्ट कोणीच उच्चारत नाही, याचे अलिखित नियम म्हणजे चर्चाविश्व. पाण्याने घर बुडालेल्या माणसाला हा सगळा शब्दांचा खेळ वाटेल, आणि त्याची ही शंका रास्त आहे. पण नुकसानभरपाईचा अर्ज कोणत्या सदरात बसतो, धरणाचे दरवाजे कधी उघडायचे, भातशेती कोणत्या विभागात टाकायची, खाणीला दाखला द्यायचा की नाही, हे सगळे शब्दांतच ठरते. ‘नैसर्गिक आपत्ती’ अशी नोंद झाली की चौकशीचा रस्ता तिथेच बंद होतो.

या अभ्यासाला मोठी परंपरा नाही, पण त्याच्या वाटा अनेक आहेत. मिशेल फुको यांनी ज्ञान आणि सत्ता एकमेकांना कसे घडवतात हे दाखवले आणि पुढच्या बहुतेकांनी तिथून सुरुवात केली. 1980 च्या दशकात नॉर्मन फेअरक्लफ, टॉयन व्हॅन डाइक आणि रूथ वोडाक यांनी चिकित्सक चर्चाविश्लेषणाची पद्धत उभी केली. बातमीची रचना, वाक्यातला कर्ता, विशेषणे, बातमीत कोणाचे म्हणणे अवतरणात येते आणि कोणाचे सारांशात, असे सगळे त्यांनी तपासले. मायकेल हॅलिडे या भाषावैज्ञानिकाने 1990 मध्ये ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी येथील भाषणात आणखी खोल प्रश्न विचारला. वाढ म्हणजे चांगलेच आणि हवा-पाणी म्हणजे न संपणारे, असे आपल्या भाषेच्या घडणीतच भिनले असेल, तर पर्यावरणाचे संकट हा भाषेचाही विषय होतो. पर्यावरणीय भाषाविज्ञान नावाची शाखा या विचारातून फोफावली. मार्टेन हायर यांनी 1995 च्या पुस्तकात ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या आम्लपावसाच्या वादातून दाखवून दिले की परस्परविरोधी हितसंबंधांची माणसेही एकाच ‘कथासूत्रा’भोवती जमतात आणि त्यातून धोरण जन्माला येते. मला ही कल्पना गोव्यासाठी सर्वांत उपयोगी वाटते. ‘विकास’ या कथासूत्राभोवती इथे कोणकोण जमते, हे पेडण्यातल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

माध्यमांच्या अभ्यासाची वाट याला समांतर गेली. जून 1988 मध्ये जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकेच्या सिनेटसमोर साक्ष दिली आणि तापमानवाढ प्रयोगशाळेतून वर्तमानपत्रात आली. मॅक्सवेल आणि ज्यूल्स बॉयकॉफ यांनी 2004 मध्ये तिथल्या चार मोठ्या दैनिकांचे 1988 ते 2002 या काळातले लेखन तपासले. दोन्ही बाजू समान देण्याच्या पत्रकारी नियमामुळे विज्ञानाचे एकमत आणि मूठभरांची शंका वाचकांसमोर एकाच वजनाने गेली होती. निष्पक्षपातीपणाच पक्षपात ठरू शकतो, हा धडा त्या अभ्यासाने दिला. अलीकडे, 2020 मध्ये, विल्यम लॅम्ब आणि सहकाऱ्यांनी नकारापेक्षा दिरंगाईची भाषा वेगळी काढली. दुसऱ्याने आधी करावे, थोडीशी सुधारणा पुरे आहे, बदलाची किंमत फार मोठी आहे, आणि आता काही होणे शक्य नाही, अशी तिची चार वळणे त्यांनी सांगितली. भारतात हवामान बदल मुळातूनच नाकारणारे पुढारी विरळ आहेत. दिरंगाईची वळणे मात्र आपल्या सभागृहांत रोज ऐकू येतात. त्यामुळे पाश्चात्त्य नकारवादावरचे साहित्य वाचून आपल्याकडे नकारवादी शोधत बसणे मला वेळेचा अपव्यय वाटतो.

भारतातल्या चर्चेचा पाया 1991 मध्ये अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी घातला. गरिबाच्या भातशेतीतून निघणारा वायू आणि श्रीमंताच्या मोटारीतून निघणारा वायू एकाच मापाने मोजणे हा अन्याय आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो बरोबर होता आणि आजही आहे. पण त्यातून एक सवयही जडली. हवामान बदल म्हणजे श्रीमंत देश विरुद्ध भारत, अशीच मांडणी पक्की झाली. सायमन बिलेट यांनी 2010 मध्ये भारतातल्या इंग्रजी दैनिकांच्या अभ्यासात हे नोंदवले. नवरोज दुभाष यांनी भारतीय भूमिकांचे प्रवाह वेगळे केले, तरी चर्चेचा रोख राष्ट्रांच्या वाटाघाटींवरच राहिला. दिल्लीत किंवा ग्लासगोच्या हवामान परिषदेत बोलताना देशातला गरीब ढालीसारखा पुढे केला जातो. तोच गरीब इब्रामपूरच्या नदीकाठी किंवा मुळगावच्या शेतात राहतो तेव्हा त्याचे काय, हा प्रश्न त्या मांडणीत मावत नाही. शिवाय हे बहुतेक अभ्यास महानगरांतल्या इंग्रजी दैनिकांवर उभे आहेत. जिल्हा पानांवर छापून येणारी मराठी त्यात जवळपास नाही.

गोव्याकडे वळले की चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. इथल्या पर्यावरणाच्या लढ्यांना अर्ध्या शतकाचा इतिहास आहे. सत्तरच्या दशकातले रापणकार मच्छीमारांचे आंदोलन, सांकवाळच्या खत कारखान्याच्या प्रदूषणाविरुद्धचा उठाव, 1995 मध्ये केरी-फोंड्याच्या नायलॉन प्रकल्पाविरुद्धचे आंदोलन, 2006 ची प्रादेशिक आराखड्याविरुद्धची चळवळ, विशेष आर्थिक क्षेत्रांना झालेला विरोध, 2012 मध्ये थांबलेल्या खाणी आणि 2020 पासून मोलेच्या जंगलासाठी रस्त्यावर आलेली तरुण मुले. या प्रत्येक लढ्याने आपली भाषा घडवली. त्या भाषेच्या मध्यभागी जमीन होती, गाव होता, गोंयकारपण होते. हवामान त्यात फार उशिरा आले, आणि मोले वगळता ते दाराशीच राहिले. एक विसंगती मला सतत खटकते. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर 1981 मध्ये गोव्यातूनच निघाली. दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोत ध्रुवीय संशोधनाचे केंद्र आहे. बर्फाचा आणि समुद्राचा अभ्यास करणारी देशातली आघाडीची माणसे या छोट्या राज्यात बसतात. पण त्यांच्या संशोधनाची बातमी आणि पेडण्यातल्या केरीच्या किनाऱ्यावर सुरूची झाडे उन्मळल्याची बातमी वेगवेगळ्या पानांवर छापली जाते. दोघींची गाठ घालून देणारा मजकूर शोधावा लागतो.

भाषेचा प्रश्नही इथे तिपदरी आहे. हवामान बदलाचा राज्य कृती आराखडा इंग्रजीत. विधानसभेत आणि ग्रामसभेत चर्चा मुख्यतः कोकणीत. सकाळी हाती पडणारे दैनिक पेडणे-डिचोलीत बहुतेक घरांत मराठी. एकच धोका या तीन भाषांतून जाताना प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गळते. आराखड्यातली ‘असुरक्षितता’ सभागृहात ‘लोकांचे हाल’ होते आणि बातमीत ‘बाधितांना भरपाई’ होते. शेवटी वाचकाच्या हाती भरपाईची रक्कम उरते, कारणाचा पत्ता नसतो.

पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके या पुस्तकाने मध्यभागी घेतले, कारण गोव्याच्या राजकारणातली दोन सर्वांत मोठी आश्वासने इथे प्रत्यक्ष उभी आहेत.

डिचोलीत ते आश्वासन खाणीचे आहे. 2010-11 च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास लोहखनिज बाहेर जात होते. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या. 2014 च्या निकालाने त्या वार्षिक मर्यादेसह पुन्हा सुरू होऊ दिल्या, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा शांतता झाली. 2022 अखेरच्या लिलावात पहिला खाणपट्टा डिचोलीचाच होता. मये, मुळगाव, शिरगाव, लामगाव, बोर्डे या गावांची नावे तेव्हापासून पुन्हा बातम्यांत आली. या बारा-तेरा वर्षांत खाणीविषयी जे बोलले गेले, त्यात दोन सूत्रे ठळक आहेत. एक लुटीचे, की राज्याची संपत्ती चोरली गेली. दुसरे ‘खाण अवलंबितां’चे, की ट्रक, बार्ज, गॅरेज, हॉटेल यांवर जगणारी घरे उघडी पडली. दोन्ही खरी आहेत आणि दोन्हींमागे माणसांची वेदना आहे. पण या दोन सूत्रांच्या भांडणात तिसरी गोष्ट बोललीच गेली नाही. ते खनिज प्रामुख्याने चीनच्या पोलाद भट्ट्यांत जात होते, आणि पोलाद हा जगातल्या कार्बन उत्सर्जनाच्या मोठ्या स्रोतांपैकी एक आहे. डिचोलीचा डोंगर आणि अरबी समुद्राचे वाढते तापमान यांचा हा संबंध आमच्या राजकीय बोलण्यात कधी जोडलाच गेला नाही. दुसरी बाजू आणखी जवळची आहे. खाणीच्या डंपांची उंची आणि उतार पूर्वीच्या पावसाच्या हिशोबाने बसवलेले. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवले, की मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात सुमारे तिपटीने वाढल्या. पाऊस असा पडू लागला की डंपाची माती कोणाच्या शेतात उतरणार, हा हवामानाचाच प्रश्न आहे. शिरगावच्या विहिरी आटल्याची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली, तेव्हाही ती ‘खाणीची समस्या’ म्हणूनच छापली गेली. जमिनीखालचे पाणी आणि आकाशातले पाणी वेगवेगळ्या खात्यांचे विषय राहिले.

पेडण्यात आश्वासन विमानतळाचे होते. मोपाचा विषय दोन दशकांहून अधिक काळ चालला. 11 डिसेंबर 2022 रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि पुढच्या जानेवारीत विमाने उतरू लागली. या वादातला सर्वांत वाचनीय मजकूर वर्तमानपत्रात नाही, निकालपत्रांत आहे. मार्च 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण दाखला स्थगित केला. अर्जात दिलेली माहिती अपुरी होती, जंगल आणि झाडे यांची नोंद लपली होती, असे न्यायालयाने म्हटले. जानेवारी 2020 मध्ये अटी वाढवून स्थगिती उठली आणि शून्य-कार्बन कार्यक्रम राबवण्याची हमी नोंदली गेली. पुढे ‘हरित विमानतळ’ हे वर्णन इतके रुळले की त्यात आकाशातल्या विमानाचा धूर मोजला आहे की फक्त जमिनीवरच्या इमारतीचे दिवे, असे विचारणारा वाचक दुर्मीळ झाला. या वादात आणखी एक शब्द सातत्याने वापरला गेला: सडा ‘ओसाड’ आहे. मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल या गावांना मात्र ठाऊक आहे की जांभ्या दगडाचा सडा पावसाळ्यात पाणी मुरवतो आणि कडेच्या झऱ्यांना वर्षभर पुरवतो. एखाद्या जागेला ओसाड म्हटले की तिथे काहीही करता येते. शब्दाच्या निवडीचे इतके थेट परिणाम मी दुसऱ्या कुठल्या वादात पाहिलेले नाहीत. 2023 मध्ये पेडण्याच्या झोनिंग आराखड्याचा मसुदा आला तेव्हा मात्र गावांनी भाषा ओळखली, आक्षेप नोंदवले, आणि सरकारला माघार घ्यावी लागली.

याच भागात तिळारी धरणाचे पाणी दोन रूपांत येते. धरण महाराष्ट्रात, दोडामार्ग तालुक्यात. ऑगस्ट 2019 मध्ये आणि नंतर 2021 मध्ये पाण्याचा विसर्ग वाढला तेव्हा इब्रामपूर, हणखणे, चांदेल परिसरात पाणी शिरले. उन्हाळ्यात कालवा फुटला की डिचोली-बार्देशात नळ कोरडे पडतात. दोन्ही वेळी बातमीतला संघर्ष दोन राज्यांचा होतो. म्हादईच्या बाबतीत हे अधिकच ठळक आहे. तिला आई म्हटले गेले, आणि त्या भावनेने गोवा एकत्र आला, हे मोलाचे आहे. पण पाणीवाटप लवादाने 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी पाणी वाटले, ते मागच्या नोंदींवरच्या हिशोबाने. पाऊसच बदलत असेल तर या आकड्यांचे काय, हे तिन्ही राज्यांतल्या कोणत्याच पक्षाने जाहीर सभेत विचारलेले मला आठवत नाही. शेजारी हा शत्रू म्हणून सोयीचा असतो, कारण त्याला नाव आणि सरकार असते.

इथे वाक्यरचनेकडे पाहणे भाग आहे. मराठी बातमीत डोंगर ‘कापला जातो’, शेत ‘बुजवले जाते’, पूर ‘येतो’, झाडे ‘जातात’. अशा रचनेत करणारा कोण ते न सांगताही वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण होते, आणि बदनामीच्या खटल्याची भीती असलेल्या तालुका वार्ताहराला ती सोय लागतेही. त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण गेल्या काही वर्षांत त्या रिकाम्या जागी एक नवा कर्ता बसू लागला आहे: हवामान बदल. हवामान बदलामुळे पूर आला, हवामान बदलामुळे काजूचे पीक गेले, हवामान बदलामुळे किनारा खचला. विज्ञानाचा एवढा प्रसार झाल्याचा आनंद व्हायला हवा, पण ज्या वाक्यात हवामान बदल येतो त्याच वाक्यातून भराव टाकणारा, दाखला देणारा आणि सूचना न देता पाणी सोडणारा बाहेर पडतो, तेव्हा काळजी वाटते. पूर्वी हे काम दैव करत असे.

मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांत वणवे पेटले. हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी टाकत होती, आणि त्याच आठवड्यात उष्म्यामुळे शाळा दुपारी लवकर सोडाव्या लागल्या. वाद दोनच पर्यायांत अडकला: आग माणसाने लावली की हवामानाने. काडी माणसाची असू शकते आणि रान कोरडे करून ठेवणारा उष्मा हवामानाचा असू शकतो, हे साधे उत्तर मथळ्यात बसत नव्हते. 2014 पासून कारणमीमांसेचे विज्ञान खूप पुढे गेले आहे. फ्रीडरिके ओटो आणि त्यांचे सहकारी एखाद्या अतिवृष्टीची किंवा उष्णतेच्या लाटेची शक्यता तापमानवाढीने किती पटीने वाढली हे काही दिवसांत सांगू शकतात. पण शक्यतेची भाषा राजकारणाला पेलत नाही. त्याला एक कर्ता हवा असतो, तोही दूरचा.

या चर्चेत कोणाचा आवाज नाही, हे तपासणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. खाडीकाठच्या खाजन शेतीत बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडणारी झडप) यांच्या जोरावर खाऱ्या-गोड्या पाण्याचा तोल शतकानुशतके राखला गेला. कोरगुटसारखे खारे पाणी सोसणारे भात त्याच शेतीने जपले. समुद्राची पातळी वाढण्याविषयी बोलायचे तर या शेतकऱ्याइतका अनुभवी माणूस राज्यात नाही. बातमीत तो फक्त ‘बाधित’ म्हणून येतो, जाणकार म्हणून त्याचे मत कोणी विचारत नाही. मोरजीच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी राखणारे, पहाटे विहिरीवर रांग लावणाऱ्या बायका, बांधकामावर उन्हात राबणारे परप्रांतीय मजूर, यांच्याबाबतही हेच घडते. अवतरणचिन्हांत मंत्री, आमदार, अधिकारी आणि फार तर एखादा कार्यकर्ता.

आजच हे पुस्तक का, याला कारणे आहेत. एप्रिल 2024 मध्ये जाहीर झालेल्या माळढोक पक्ष्याच्या प्रकरणातील निकालात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या कलम 14 आणि 21 मध्ये पाहिला. खंडपीठावर न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. मोपाच्या दोन्ही निकालांवरही त्यांचेच नाव आहे. हक्क म्हटला की तो मागणारा, देणारा आणि नाकारणारा असे तीन कर्ते लागतात. बिनकर्त्याच्या वाक्यांत हक्क मागता येत नाही. डिचोलीत खनिज पुन्हा उचलले जात आहे, पेडण्यात भूरूपांतराचा वेग वाढला आहे, हवामानाच्या नावाने निधी येऊ लागले आहेत. त्या निधीतून समुद्रभिंत बांधायची की मानस दुरुस्त करायची, हे कोणती भाषा वरचढ ठरते त्यावर अवलंबून राहील.

पुस्तकाने आपले क्षेत्र मुद्दाम लहान ठेवले आहे. मराठी दैनिकांचा मजकूर, विधानसभेतली भाषणे, सरकारी कागदपत्रे, न्यायालयीन निकाल आणि ग्रामसभांतली चर्चा, या पाच जागी एकाच घटनेविषयी काय म्हटले गेले हे लेखकांनी शेजारी-शेजारी ठेवून वाचले आहे. काही लेखकांनी शब्द मोजले, काहींनी एकाच बातमीवर पानेच्या पाने खर्च केली. या पद्धतींत मतभेद आहेत आणि ते मिटवलेले नाहीत. मोजणाऱ्यांना वाटते की एका बातमीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे. खोल वाचणाऱ्यांना वाटते की जे बोललेच गेले नाही ते मोजता येत नाही. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, पण पहिल्यांनी मला अनेकदा सावध केले. लेखकांनी पत्रकारांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले नाही, याचे मला समाधान आहे. अपुऱ्या पगारात, जाहिरातदारांच्या दबावाखाली, पुरात मोटारसायकल ढकलत बातमी आणणाऱ्या वार्ताहरांनीच हा अभ्यास शक्य केला.

रोमी कोकणीतली नियतकालिके आणि तियात्र यांचा स्वतंत्र अभ्यास या पुस्तकात नाही. पेडण्याच्या दशावतारी मंडपात वणव्यावर आणि विमानतळावर काय बोलले जाते, हेही अजून कोणी लिहून ठेवलेले नाही. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात साठच्या दशकापासूनच्या मराठी दैनिकांच्या फायली आहेत. 1982 च्या पुराच्या बातम्या तिथून काढून 2021 च्या बातम्यांशी ताडून पाहणे हे या कामाचे पुढचे पाऊल आहे, आणि डिचोली-पेडण्याच्या महाविद्यालयांतल्या मुलांनी ते हाती घ्यावे म्हणून पुस्तकाच्या शेवटी बातमी वाचण्याची प्रश्नावली दिली आहे. तिच्यातला पहिला प्रश्न वाक्यातल्या कर्त्याविषयी आहे.